बोहारणीला जरीचं लुगडं देण्याआधी

मराठवाड्यातल्या गावात सुगी उरकली, लग्नसराई तोंडावर आली की दोन प्रकारची माणसं हमखास दिसू लागतात. एक स्टीलच्या भांड्यांची पाटी घेतलेली बोहारीण आणि दुसरा 'जुनी जर, जुना शालू, पैठणीऽऽ' अशी हाळी देणारा सायकलवाला. आता त्याची मोटारसायकल झाली आहे, हाळी तीच आहे. ट्रंकेच्या तळाशी आजीचं लुगडं असतं, आजोबांचा मंदील असतो, कुणाच्या घरी लग्नातला शेला असतो. रेशीम घड्यांवर फाटलेलं, काठ काळवंडलेला. "ठेवून तरी काय करायचं?" असं म्हणत बाई ते काढून देते आणि बदल्यात पातेलं नाही तर चार नोटा हाती येतात. सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी तर ट्रंका अंमळ लवकरच उघडतात.

घेणारा त्या लुगड्याचं काय करतो? काठ-पदर कापतो, जाळतो, राखेतली चांदी गाळून घेतो. त्याचा धंदा आहे, त्यात चोरी नाही. पण आपण काय दिलं आणि काय घेतलं, याचा हिशेब देणाऱ्याला ठाऊक नसतो. तो ठाऊक असावा म्हणून हा लेख.

आधी जर म्हणजे काय ते पाहू. अस्सल जर म्हणजे सोनेरी रंगाचा धागा नव्हे, ती धातूची तार असते. चांदीची कांब घ्यायची, तिच्यावर सोन्याचा पातळ पत्रा चढवायचा, तापवून आणि घासून तो एकजीव करायचा. मग ती कांब ठोकून बारीक करायची आणि पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढायची. आधी मोठं भोक, मग लहान, मग त्याहून लहान. सोनाराकडे ही भोकाभोकांची पट्टी तुम्ही पाहिली असेल, तिला जंतर म्हणतात. नवल असं की तार कितीही बारीक झाली तरी सोनं वरच राहतं, चांदी आतच राहते. दहा ग्रॅम चांदीची एक दशांश मिलिमीटर जाडीची तार ओढली तर ती सुमारे १२० मीटर भरते, म्हणजे नऊवारी लुगड्याच्या चौदा-पंधरा लांब्या. ही तार चेपून चपटी केली की झाला बादला. तो रेशमाच्या धाग्यावर वेटोळं घालत गुंडाळला की झालं कलाबतू. पैठणीच्या पदरात विणलं जातं ते हे कलाबतू. आत रेशीम, वर धातू. म्हणूनच ते तारेसारखं ताठ राहत नाही, सुतासारखं वाकतं.

आपल्या भागाला हे कापड परकं नाही. पैठण गोदाकाठी, नांदेडही गोदाकाठीच. पैठणीला राजाश्रय आधी पेशव्यांचा आणि मग हैदराबादच्या निजामाचा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला सगळा मुलूख निजामाच्याच राज्यात होता, त्यामुळे पैठणचा माल इकडच्या देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत पोचणं साहजिक होतं. खुद्द नांदेडची बारीक मलमल आणि जरीकाठी उपरणी एके काळी नावाजलेली होती. ते माग आता राहिले नाहीत. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात चढवले जाणारे रुमाले, माहूरच्या रेणुकेला आणि तुळजापूरच्या भवानीला भाविक वाहतात त्या जरीच्या साड्या, यांतून जरीचा वापर चालू आहे. पण त्यातली बहुतेक जर आज सुरतेहून येते आणि बरीचशी नुसती चमकणारी असते. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी बाजारात 'पैठणी' नावाने काय काय विकलं जातं ते आपण पाहतोच.

तीच तार, दुसरं काम

तार ओढण्याची ही विद्या कापडापुरती राहिली नाही. विजेची आणि मोजमापाची यंत्रं आली तेव्हा शास्त्रज्ञांनाही बारीक, न तुटणारी, वाकणारी तार हवी होती, आणि सोनारांची-जरीवाल्यांची जुनीच रीत त्यांच्या कामी आली. डायलच्या फोनची रिसीव्हरला जोडलेली दोरी आठवते? दिवसातून पन्नास वेळा पिळली जायची. साधी तांब्याची तार असती तर आठवड्यात मोडली असती. म्हणून तिच्या आत सुताच्या धाग्यावर तांब्याची चपटी पट्टी वेटोळं घालत गुंडाळलेली असे. म्हणजे हुबेहूब कलाबतू, सोन्याऐवजी तांबं. गणपतीत लागणाऱ्या स्पीकरचा पुठ्ठ्याचा कोन सारखा थरथरत असतो, त्याला वीज पोचवणारी लवचिक तारही याच जातीची. स्पीकर दुरुस्त करणाऱ्या पोराला विचारा, तो उघडून दाखवील.

उलटा प्रकारही झाला. जरीत रेशमावर धातू असतो. विजेच्या सुरुवातीच्या काळातल्या यंत्रांत तांब्याच्या तारेवर रेशीम गुंडाळत, कारण वेटोळ्याला वेटोळं चिकटून वीज भलतीकडे जाऊ नये. आज मोटार जळाली की वायंडिंगवाला जी तांब्याची तार भरतो, तिच्यावर रेशमाऐवजी लाखेसारखा चकचकीत लेप असतो, एवढाच फरक.

१८१३ साली इंग्लंडात वोलॅस्टन नावाच्या शास्त्रज्ञाने आणखी गंमत केली. दुर्बिणीत नेम धरायला केसाहून बारीक तार हवी होती. त्याने प्लॅटिनमची तार चांदीच्या कांबीत मधोमध बसवली आणि दोन्ही मिळून ओढली. दोन्ही बारीक झाल्यावर वरची चांदी तेजाबात विरघळवून टाकली. आत राहिली डोळ्याला जेमतेम दिसणारी प्लॅटिनमची तार. जरीवाला बाहेरचं सोनं जपतो, याने बाहेरचं फेकून आतलं ठेवलं. रीत मात्र तीच.

किल्लारीचा आकडा कुठून आला

आपल्या लातूर-धाराशिवच्या माणसाला 'रिश्टर' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री, औसा-उमरगा तालुक्यांतली गावं झोपेतच गाडली गेली. तेव्हापासून हा शब्द घराघरात आहे. पण ती मोजपट्टी एका तारेवर उभी आहे, हे फारसं कुणी सांगत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९२० च्या दशकात वुड आणि अँडरसन या दोघांनी भूकंप नोंदवायचं एक यंत्र केलं. टंगस्टनची एक तार, तोच धातू जो पिवळ्या बल्बात पेटतो. जाडी मिलिमीटरचा पन्नासावा भाग, आपल्या केसाच्या निम्म्याहूनही कमी. ती ताणून बसवलेली, आणि तिला एका बाजूने चिकटवलेला तांब्याचा इवलासा दांडू, वजन एका ग्रॅमच्याही आत. सोबत बारका आरसा. जमीन हलली की तार पिळली जाते, आरसा फिरतो, आरशावरचा उजेडाचा किरण फोटोच्या कागदावर रेघ ओढतो. १९३५ साली चार्ल्स रिश्टर यांनी याच यंत्राच्या रेघा मोजून आपली पट्टी बांधली. भूकंपापासून १०० किलोमीटरवर ठेवलेल्या या यंत्रावर एक मिलिमीटरची झुलकी उमटली तर तो भूकंप ३ रिश्टरचा.

इथे एक गोष्ट ग्रामसेवक-तलाठी मंडळींनी पक्की लक्षात ठेवावी, कारण हादरा बसला की लोक पहिल्यांदा तुम्हालाच विचारतात. चार म्हणजे तिनाहून एकाने जास्त नव्हे, झुलकी दहापट. पाच म्हणजे शंभरपट. २०२४ साली २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला हिंगोली भागात ४.५ चा धक्का बसला, नांदेड-परभणीत लोक घराबाहेर आले. किल्लारीचा आकडा ६.२ ते ६.४ असा निरनिराळा दिला जातो. कमीत कमी, म्हणजे ६.२ धरला, तरी किल्लारीची झुलकी त्या धक्क्याच्या पन्नासपट आणि बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे साडेतीनशे पट होते. "साडेचार आणि सहा, दीडाचाच तर फरक" असं कट्ट्यावर बोललं जातं, ते साफ चूक. आता नोंदी विजेच्या यंत्रांवर होतात, मोठ्या भूकंपांसाठी मोजणीच्या नव्या रीतीही आल्या. पण नवे आकडे जुन्यांशी जुळावेत म्हणून त्या सगळ्या मूळच्या पट्टीशी मेळ घालून बसवलेल्या आहेत, आणि ती पट्टी त्या तारेची.

खरी जर ओळखायची कशी

बाजारात तीन माल आहेत. चांदीची तार, वर सोनं, ती खरी जर. तांब्याची तार, वर चांदीचा आणि सोनेरी मुलामा, ती नकली. तिसरी प्लॅस्टिकच्या चकचकीत पट्टीची, तिच्यात तारच नाही.

काठाच्या मागच्या बाजूने, जिथे सूत सुटलेलं असतं तिथून, बोटभर धागा काढा. दर्शनी भागाला हात लावू नका. चिमट्यात धरून ज्योतीवर न्या. आक्रसून गोळी झाली आणि प्लॅस्टिकचा वास आला, तर विषय संपला. तार तशीच राहिली तर ती खडबडीत दगडावर घासा आणि भिंगातून पाहा. आतून तांबूस निघाली तर तांबं, पांढरी निघाली तर चांदी. शंका असेल तर ओळखीच्या सोनाराकडून कसोटी लावून घ्या, त्याला पाच मिनिटं लागतात. काळवंडली म्हणून जर खोटी, हा घेणाऱ्याचा नेहमीचा डाव. चांदीच काळी पडते. प्लॅस्टिक कधी काळं पडत नाही, हे त्याला चांगलं माहीत असतं.

हिशेबही सोपा. खऱ्या जरीत वजनाच्या साधारण निम्मी चांदी धरावी, सोनं शेकडा एकाच्याही आत. समजा काठ-पदर कापून २०० ग्रॅम जर निघाली, तर १०० ग्रॅम चांदी. त्या दिवशीचा चांदीचा भाव पेपरात पाहा, गाळण्याचा खर्च आणि घट वजा करा, मग पातेल्याची किंमत आठवा. फार जुन्या जरीत सोन्याचा थर जाड असतो, तिथे हा हिशेब कमीच पडेल.

आणि हा फक्त जाळण्याचा भाव झाला. अखंड जुन्या पैठणीचा भाव वेगळा, तो धातूवर ठरत नाही. पदर शाबूत असेल तर विणकर नव्या कापडावर तो जोडून देतात. संग्रहालयवाले आता क्ष-किरणांनी जरीला धक्का न लावता आत किती चांदी, वर किती सोनं ते वाचतात. सोनं पत्र्याने चढवलंय की विजेच्या मुलाम्याने, यावरून कापड साधारण कोणत्या काळातलं तेही सांगता येतं, कारण विजेचा मुलामा १८४० नंतरचा. भट्टीत गेलेलं कापड काहीच सांगत नाही. शंभर वर्षांपुढची कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू धरली जाते. ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा धंदा करायलाही परवाना लागतो. दारात आलेल्या माणसाला एवढं नुसतं विचारून पाहा.

ठेवायचं असेल तर जुन्या धुवट सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकची पिशवी नको, दमट धरते. घोंगडीत नको, लोकरीत गंधक असतं आणि चांदीला काळं करतं ते गंधकच. आपल्या घरांत एक चूक सर्रास दिसते. फवारणीची गंधक भुकटी आणि कपड्यांची ट्रंक एकाच खोलीत, कधी एकावर एक. भुकटी गोठ्यात किंवा वेगळ्या कोठीत हलवा, ती माणसांच्या खोलीत असूच नये. तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर तार घडीवरच मोडते. अत्तर थेट जरीवर लावू नका आणि काळी पडली म्हणून राखेने किंवा दात घासायच्या पावडरीने घासू नका, सोनं निघून जाईल.

राहिली देवळं. पालखीचं छत, देवाची जुनी वस्त्रं, छबिन्याचं निशाण, हे सगळं बहुतेक गावांत एका पेटीत कोंबलेलं असतं आणि पुजारी बदलला की पेटीतलं कमी होतं. भांड्यांची, समयांची यादी असते, कापडाची नसते. पंचायतीच्या डेडस्टॉक रजिस्टरसारखंच देवस्थानच्या पंचांनी एक साधं वहीचं पान करावं. वस्तू, लांबी-रुंदी, वजन, जर खरी की खोटी, कुणी वाहिली, आणि सोबत मोबाइलवर काढलेला फोटो. चैत्रातल्या जत्रेला पेटी उघडतेच, त्याच दिवशी चार माणसांसमोर तराजू लावला की काम झालं.