विमानाचे पावणेदोन तास आणि आपले साडेसात

गेल्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या भावाला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला नेले होते. मी काटोलजवळ एका संत्र्याच्या बागेत असताना वहिनींचा फोन आला. "उद्याची शस्त्रक्रिया आजच पाच वाजता आहे. तुम्ही या." पुतण्याने लगेच विमान शोधले. नागपूरहून अडीचला सुटणारे, सव्वाचारला पोहोचणारे. पावणेदोन तासच तर लागतात, वेळ आहे, असे मला वाटले. मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा सहा वाजले होते आणि भाऊ केव्हाच आत गेला होता.

मंडळी, हा हिशेब कुठे चुकला ते सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांवर अशी वेळ येते.

नागपूर आणि मुंबई विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आहे. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास चालते. म्हणजे तासाभराचेसुद्धा काम नाही. पण वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत थांब्यावर उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, चढणे, उतरणे यांत वेळ जातो. मुंबईच्या जुन्या विमानतळावर धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरूनच काम चालते. गर्दी झाली की विमाने आकाशात घिरट्या घालतात. आमचेही फिरले. शिवाय हिवाळ्यात वर पश्चिमेचा जोरदार वारा असतो. मुंबईला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो.

ही झाली विमानाची वेळ. आपली वेळ घराच्या उंबऱ्यापासून धरायची. मी साडेदहाला निघालो. काटोल ते नागपूर साठेक किलोमीटर. सामान घेणारी खिडकी सहसा तासभर आधी बंद होते, म्हणून त्याच्याही आधी पोहोचावे लागते. उतरल्यावर पिशवीची वाट पाहायची आणि मग मुंबईचा रस्ता. सगळे मिळून साडेसात तास झाले.

मोटारीने काय झाले असते? समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. लांबी ७०१ किलोमीटर, वेळ आठ तासांच्या आसपास. पण तो भिवंडीजवळ आमणे येथे संपतो, पुढचे शहर वेगळे धरावे. म्हणजे आमच्या गावाहून विमानाने वाचतात ते तीनेक तास. एकच चालक असेल तर रात्री निघू नये, हे मी घरातही बजावतो.

आता एक नवी गोष्ट. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने सुरू झाली आहेत. तिकिटावर नुसते 'मुंबई' वाचून पैसे भरू नका. दवाखाना परळला आणि विमान उतरते उलव्याला, असे व्हायला नको. कोणत्या विमानतळावर उतरायचे ते आधी विचारून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी भाऊ शुद्धीवर आला. मला पाहून हळूच म्हणाला, "विमानाने आलास, तरी उशीर?"

परतताना आम्ही विदर्भ एक्स्प्रेस धरली. संध्याकाळी बसलो, सकाळी नागपूर. भावाला खालची जागा मिळाली आणि वहिनी कित्येक दिवसांनी रात्रभर झोपल्या.