खडी डोंगराची, चुना देशावरचा

कामशेत, वडगाव असे मावळातून इंद्रायणीसोबत उतरताना पात्रातले गोटे सुटे दिसतात. पूर्वेकडे भीमा, घोड, कुकडीच्या काठांवर मात्र जुन्या नदीचे गोटे चुन्याने जखडून त्यांचा सलग खडक झालेला आढळतो. हाच पिंडाश्म. त्यातला गोटा कुठल्या डोंगरातून आला, हे कसं ओळखायचं?

हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत हे त्यामानाने सोपं. तिथल्या पिंडाश्मात क्वार्ट्‌झाइट, ग्रॅनाइट असे वेगवेगळे दगड सापडतात आणि प्रत्येक जण आपल्या मूळ थराकडे बोट दाखवतो. सह्याद्रीत मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्टच सगळीकडे. तरी सगळे थर सारखे नाहीत. खंडाळ्याजवळ मंकी हिलच्या थरात फेल्डस्पारचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे स्फटिक आहेत. असा गोटा हाती लागला की शोधाचं क्षेत्र एकदम आटतं. पण असे मोठ्या स्फटिकांचे थर सह्याद्रीत आणखीही असल्याने शेवटचा निवाडा रासायनिक तपासणीच करते. प्रवाहाची दिशा गोट्यांच्या मांडणीतून कळते: चपटे गोटे एकमेकांवर रेलून उगमाच्या बाजूला उतरते राहतात. आणि गोट्यांमध्ये चुनखडीचे घासलेले खडे असतील, तर नदीने जवळचाच जुना काठ फोडला होता. सगळी खडी घाटमाथ्यावरून आली, असं धरून चालत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो चुना. बेसाल्ट कुजताना त्यातलं कॅल्शियम पाण्यात उतरतं. लोणावळ्याचा चार हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस ते वाहून नेतो. शिरूरकडच्या कोरड्या हवेत पाणी उडून जातं आणि चुना गोट्यांच्या फटींत साचतो. म्हणून दगडाचं मूळ आणि त्याला बांधणाऱ्या चुन्याचं मूळ वेगवेगळं शोधावं लागतं. गोटा डोंगराची साक्ष देतो, चुना त्या काळच्या हवामानाची.

जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी इथे अशाच खडीत आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली आणि जवळच ज्वालामुखीची राख. ती सुमात्रातल्या टोबाची, हे आता बहुतेक अभ्यासक मानतात. वाद आहे तो वयाचा: ७५ हजार वर्षं की कित्येक लाख? डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. हत्यारांचं वय या राखेवरून काढायचं, तर आधी तोच प्रश्न सोडवावा लागतो: ती आकाशातून पडली तिथेच राहिली, की नदीने दुसरीकडून आणून टाकली?