तोफा उतरल्या, क्षेपणास्त्रं चढली! जुन्या युद्धनौकांचा नवा जन्म

तुमच्या घरी आजीची पायाने चालवायची शिलाई मशीन आहे का? खातीपुऱ्यातल्या आमच्या घरी आहे. आईने तिला मोटर बसवून घेतली. आता ती भराभर शिवते, पण वीज गेली की गप्प! काही मिळालं, तर काही गेलंही. दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धनौकांचंही असंच झालं, हे तुम्हाला माहीत आहे का?

लिटल रॉकचं नवं रूप

अमेरिकेची 'लिटल रॉक' ही हलकी क्रूझर जून 1945 मध्ये नौदलात आली. तिच्यावर 6 इंची 12 तोफा होत्या. पण लवकरच जेट विमानांचा जमाना आला आणि त्यांच्यापुढे तोफा अपुऱ्या पडू लागल्या. मग 1957 मध्ये तिचं रूपांतर सुरू झालं. 1960 मध्ये ती परतली, तेव्हा मागच्या बाजूला 'टॅलॉस' क्षेपणास्त्रं होती आणि 6 इंची तोफा उरल्या होत्या फक्त 3. एका टॅलॉसचं वजन सुमारे साडेतीन टन!

अशा एकूण 6 क्रूझर बदलल्या गेल्या. मात्र रडार आणि क्षेपणास्त्रांमुळे वरचा भार इतका वाढला की तोल राखण्यासाठी तळाशी वजन भरावं लागलं.

आपल्याकडे काय झालं?

भारतानेही महायुद्धातली एक क्रूझर घेतली होती. ब्रिटनची 'नायजेरिया' 1957 मध्ये 'आयएनएस मैसूर' झाली. 1971 च्या युद्धात ती पश्चिमी ताफ्याची प्रमुख नौका होती. तिच्यावर 6 इंची 9 तोफा होत्या. पण 4 डिसेंबरच्या रात्री कराचीजवळ 'खैबर' ही पाकिस्तानी विनाशिका बुडवली ती एका छोट्याशा क्षेपणास्त्र नौकेने, 'निर्घात'ने. हाच 4 डिसेंबर आपण नौदल दिन म्हणून साजरा करतो.

या नौकांची एक अडचण होती. त्या लांबच्या प्रवासासाठी बनलेल्याच नव्हत्या. सोव्हिएत संघातून कोलकात्याला आल्यावर त्यांना मुंबईपर्यंत दुसऱ्या जहाजांनी ओढत आणावं लागलं होतं. मग क्षेपणास्त्रं भर समुद्रात, ताफ्याबरोबर न्यायची कशी?

उत्तर मिळालं 'तलवार'मध्ये

1959 ची 'आयएनएस तलवार' ही फ्रिगेट 1971 मध्ये 'विनाश' या क्षेपणास्त्र नौकेच्या सोबतीला कराचीवर गेली होती. पुढे काही वर्षांनी मुंबईच्या नौदल गोदीत तिच्या पुढच्या भागातल्या साडेचार इंची जोडतोफा उतरवल्या गेल्या आणि तिथे तीच 'स्टिक्स' क्षेपणास्त्रं बसवली गेली. कालची सोबतीण आता स्वतःच दूरवर मारा करू शकत होती! त्यासाठी तिला आपल्या मुख्य तोफा सोडाव्या लागल्या. किनाऱ्यावर तासन्‌तास गोळे डागायचं काम आता तिचं राहिलं नाही.

'मैसूर'चं असं रूपांतर कधीच झालं नाही. 1985 मध्ये ती तोफांसह निवृत्त झाली. तिचं नाव मात्र 1999 मध्ये मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या क्षेपणास्त्र विनाशिकेला मिळालं. 'लिटल रॉक' आज अमेरिकेतल्या बफलो शहरात संग्रहालय आहे. तिथे तुम्हाला तोफा आणि क्षेपणास्त्रं एकाच डेकवर पाहायला मिळतील.

तेव्हा घरातली एखादी जुनी वस्तू नव्याने वापरायची ठरवाल, तेव्हा काय बसवायचं एवढंच पाहू नका. त्यासाठी काय उतरवावं लागेल, तेही आधी विचारा. आमच्या आईने मोटर बसवली, पण मशीनचा पायटा काढू दिला नाही. वीज गेली की पट्टा बदलून ती पुन्हा पायाने शिवते!