कागदावरचे अकरा गडी

आमचे कुंडल कुस्तीचे गाव. मैदानाच्या दिवशी पंचक्रोशी लोटते, आणि शाळकरी पोरसुद्धा जोड बरोबर लागली की नाही ते खुशाल सांगते. हॉकी इथे फारशी कोणी खेळत नाही. तरी आमच्या घरात रविवारी जेवणे आटोपली की हॉकीचा संघ निवडण्याचा खेळ रंगतो. त्याला वहीचे पान आणि पेन्सिल एवढेच लागते.

नियम सोपा. प्रत्येकाजवळ १०० गुण. भारताचा कोणत्याही काळातला खेळाडू बोली लावून घ्यायचा, पण शंभरात अकरा गडी बसवायचे. खऱ्या लिलावातही हेच असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला, तेव्हा पुरुषांच्या प्रत्येक संघाजवळ ४ कोटी रुपये होते आणि खेळाडू हवे होते २४. एकट्या हरमनप्रीत सिंगला ७८ लाख मिळाले, म्हणजे थैलीचा जवळजवळ पाचवा हिस्सा!

आमचा पुतण्या बोलीला बसला की ध्यानचंद, बलबीर सिंग, महंमद शाहिद, धनराज पिल्ले असा सपाटाच लावतो. चार गड्यांत नव्वद गुण संपतात. पुतणी मात्र शांतपणे शंकर लक्ष्मणला गोलात उभा करते, मधल्या फळीत लेस्ली क्लॉडियस आणि अजितपाल सिंग घेते. आबा दोन्ही कागद चष्म्याजवळ धरून म्हणतात, "बाळा, ऊस रस्त्यावरून दिसतो, पाट दिसत नाही. पण पाटच नसला तर उसाला पाणी कुठलं?"

आबांचे म्हणणे इतिहासालाही धरून आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणले, ते एकट्याच्या ताकदीवर. त्याच ऑलिंपिकच्या हॉकी अंतिम सामन्यात भारताच्या सहा गोलांपैकी पाच बलबीर सिंगांचे. पण संघात क्लॉडियससारखा हाफबॅक होता. उलट खडकीचा आपला धनराज १९९२ ते २००४ अशी चार ऑलिंपिके खेळला, पण पदक एकदाही हाती आले नाही. त्याच्या वेगात काही उणे होते काय? मुळीच नाही. हॉकीत एकटा गडी, कितीही मोठा असो, पुरत नाही.

मोबाइलवर पैसे लावून असेच संघ निवडण्याचे वेड गावोगाव शिरले होते. ओळखीच्या एका घरात उसाच्या बिलाचे पैसे त्यात गेले, आणि बापलेकांचे बोलणे तुटले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायदा झाला, पण पोरांची हौस थोडीच संपते? ती घरातच, फुकटात भागवलेली बरी.

तेव्हा करून बघा. आधी गोलरक्षक, मग मधली फळी, मग पेनल्टी कॉर्नर मारणारा. चमकणारे आघाडीवीर शेवटी. मुलींनाही बोलीला बसवा. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत महिला हॉकीचे सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कर्णधार एलिझा नेल्सन पुण्याचीच. निकाल लागणार नाही, वाद मात्र चहापर्यंत पुरेल. आणि पुढे कधी ग्रामपंचायतीची किंवा सोसायटीची माणसे निवडायची वेळ आली, तर पाट कोण आणि ऊस कोण, हे पोरे आधी बघतील.