कार्ल्याचं जुनं नाव ठाऊक आहे? वलुरक!

इथल्या एकवीरा आईच्या दर्शनाला वेहेरगावच्या पायऱ्या चढून आपण सगळेच जातो. पण देवळाला लागून असलेल्या लेणीत किती जण शांतपणे उभे राहतात? 🙂

सुमारे 2000 वर्षांपूर्वी हा बौद्ध भिक्खूंचा विहार होता. मुख्य चैत्यगृह (प्रार्थनागृह) जवळपास 124 फूट लांब आणि आत 37 खांब! वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीने शिलालेखात याला 'जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह' म्हटलंय. खांबांवर धेनुकाकटच्या यवन (ग्रीक) दात्यांची नावं आहेत. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने इथे वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दान दिलं. मावळातला पाऊस पाहिलेल्याला या दानाचं मोल वेगळं सांगायला नको.

आत गेलात की मान वर करा. छताच्या कमानी दगडी नाहीत, खऱ्या लाकडाच्या आहेत, आणि मूळच्या!

आता आख्यायिका. म्हणतात, वनवासात पांडव इथे आले. देवीने अट घातली: एका रात्रीत देऊळ बांधा. त्यांनी बांधलं, आणि अज्ञातवासात कुणी ओळखणार नाही असा वर मिळवला. आज हीच आई कोळी-आगरी बांधवांची कुलदेवता. चैत्री यात्रेला डोंगर गुलालाने माखतो.

पुढच्या वेळी दर्शन झालं की लगेच खाली पळू नका. लेणीच्या दाराशी डावीकडे चार सिंहांचा स्तंभ आहे, तो बघूनच उतरा.

#कार्ला #मावळ #लेणी