खिंडीतला रिमोट

टीव्हीचा रिमोट घ्या. आमच्या घरच्यासारखा मागचं झाकण हरवून रबर बँडवर तगलेला असेल, तर आधी सेल काढून ठेवा. बटणं वर ठेवून एका टोकाला धरा, पलंगापाशी उभे राहा आणि कोलांटी दिल्यासारखा वर उडवा. एक पूर्ण फेरा झाला की तेच टोक झेला. बटणं खाली गेलेली दिसतील! पुन्हा उडवा, बहुतेक वेळा तेच. तुम्ही नुसती कोलांटी दिली होती; कूस पालटायला कोणी सांगितलं होतं?

आता तोच रिमोट लाटण्यासारखा, लांबीच्या अक्षाभोवती गरकन फिरवा. निमूट फिरतो. चकतीसारखा सपाट भिरकावला तरी शहाण्यासारखा वागतो. खोडी तेवढी कोलांटीच्या अक्षात.

कुठल्याही वस्तूला एकमेकांशी काटकोन करणारे असे तीन खास अक्ष असतात. लाटण्यासारखं फिरताना रिमोटचं सगळं वस्तुमान अक्षाला बिलगून असतं, म्हणून तसं फिरवणं सर्वांत सोपं. सपाट फिरवणं सर्वांत जड. कोलांटी या दोघांच्या मधली.

मधल्याचंच का बिनसतं? मला पटलेलं उत्तर डोंगरातलं आहे. एक गोल ग्रह कल्पा. त्यावरची प्रत्येक जागा म्हणजे रिमोटच्या फिरण्याची एक तऱ्हा आणि तिथली उंची म्हणजे त्या तऱ्हेची ऊर्जा. कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण साठा, सगळीकडे सारखाच धरायचा. मग फिरवायला सोपी, म्हणून सर्वांत वेगाने फिरणारी लाटण्याची तऱ्हा शिखरावर येते आणि जड, संथ चकतीची दरीच्या तळाशी. कोलांटीच्या वाट्याला येते खिंड. फिरणं सुलट आणि उलट अशा दोन दिशांनी होतं, म्हणून शिखरं दोन, दऱ्या दोन आणि खिंडीही दोन, ग्रहाच्या समोरासमोरच्या बाजूंना.

हवेत सुटलेल्या रिमोटला कोणी ढकलत नाही, त्यामुळे त्याची ऊर्जा बदलत नाही. म्हणजे या ग्रहावरच्या वाटसरूने चढायचंही नाही आणि उतरायचंही नाही. शिखराजवळ असेल तर तो शिखराभोवतीच घुटमळेल, दरीत असेल तर तळाभोवती. पण खिंडीतून केसभर बाजूला पाऊल पडलं, की समान उंचीची वाट त्याला डोंगराला वळसा घालून थेट पलीकडच्या खिंडीपाशी नेते. हात कितीही सराईत असो, केसभर चूक होतेच. पलीकडची खिंड म्हणजेच पालथा पडलेला रिमोट.

१९८५ साली साल्युत-७ या सोव्हिएत अंतराळस्थानकावर व्लादिमीर झानिबेकोव यांनी सामान सोडवताना दोन कानांचा एक नट बोटाने गरकन फिरवला. तो बोल्टवरून सुटला आणि तरंगत पुढे निघाला. मधेच उलटला. थोडं अंतर सरळ गेला, पुन्हा उलटला. तिथे त्याला खाली पाडायला काही नव्हतं, म्हणून तमाशा लांबला एवढंच. याचं भूमितीय चित्र फ्रान्सच्या लुई प्वाँसोने १८३४ सालीच मांडलं होतं.

शिखरावरही निर्धास्त राहता येत नाही, हे अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहाने दाखवलं. १९५८च्या जानेवारीअखेर गेलेला एक्सप्लोरर-१ म्हणजे सुमारे दोन मीटर लांबीची, १४ किलोंची बारीक नळी. ती लांबीच्या अक्षाभोवती फिरत राहील असा हिशेब होता. पण तिला चार लवचीक अँटेना होत्या. त्या लवत राहिल्या आणि प्रत्येक लवण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन गेली. कोनीय संवेग मात्र तेवढाच राहिला. म्हणजे वाटसरू आता उतरू शकत होता आणि तो उतरलाच. नळी कोलांट्या खाऊ लागली. नळीला रुंदी आणि जाडी सारखीच, त्यामुळे तिच्या बाबतीत कोलांटी हीच दरी.

तो नट पाहिलेल्यांना हमखास शंका येते, की एके दिवशी पृथ्वीही अशीच उलटली तर? पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे. तिथला व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने जास्त भरतो. म्हणजे तिचं फिरणं चकतीच्या जातीचं. ती दरीच्या तळाशीच बसली आहे, आणि समुद्र कितीही हिंदकळले तरी तिथून आणखी खाली घसरायला जागा नाही.