मुठीतली बंदूक शिकारीला पुरते का?

१९७१ साली ‘डर्टी हॅरी’ हा इंग्रजी चित्रपट आला आणि क्लिंट ईस्टवुडच्या हातातले ते लांब नळीचे रिव्हॉल्व्हर जगभर गाजले. चित्रपट पाहिलेल्यांच्या मनात एक समज पक्का बसला, की .४४ मॅग्नम हे काडतूस म्हणजे पोलिसांचे ब्रह्मास्त्र. वास्तविक पोलिसांशी त्याचा संबंध फार थोडा. ते जन्माला आले एका शिकाऱ्याच्या हट्टातून, आणि मुख्यतः शिकारीसाठी. तेव्हा ज्या कामासाठी ते निघाले ते काम त्याच्याने नीट होते का, असे विचारणे रास्त आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार बंद केले, हे बरेच झाले. त्यामुळे आपल्यापुरता हा प्रश्न समजून घेण्याचा आहे, करून पाहण्याचा नाही. अमेरिकेत मात्र दरवर्षी पानगळीच्या दिवसांत लाखो माणसे रीतसर परवाना काढून हरणांच्या शिकारीला जातात आणि त्यांतले काही जण रायफल घरी ठेवून कमरेला रिव्हॉल्व्हर लावतात.

तो हट्टी शिकारी म्हणजे एल्मर कीथ (१८९९–१९८४). आयडाहो राज्यात गुरे राखणारा, शिकाऱ्यांना रानात वाट दाखवणारा आणि शिकारीवर सडेतोड लिहिणारा हा गृहस्थ. त्या काळचे .४४ स्पेशल हे काडतूस त्याला मिळमिळीत वाटे. म्हणून तो घरीच काडतुसे भरी : दारू नेहमीपेक्षा जास्त, शिशाची गोळी जड आणि कठीण, तिचे तोंड चपटे. असले काडतूस कारखान्याने काढावे म्हणून त्याने वर्षानुवर्षे पिच्छा पुरवला. अखेर स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन या कंपन्यांनी मिळून ते तयार केले आणि १९५६ च्या सुरुवातीला ते लोकांपुढे आले. त्यात एक शहाणपणाची गोष्ट केली होती. नव्या काडतुसाचे पितळी टोपण जुन्यापेक्षा सुमारे तीन मिलिमीटर लांब ठेवले. हेतू असा, की कोणी अतिउत्साही माणसाने ते जुन्या, कमकुवत रिव्हॉल्व्हरात घालायला जावे, तर ते आत बसूच नये.

आता त्याच्या ताकदीकडे वळू. या काडतुसाची नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे आपल्या हिशेबाने एक तोळा आणि वर तिसरा हिस्सा. ती रिव्हॉल्व्हरच्या नळीतून सेकंदाला साधारण १३५० फूट वेगाने निघते. अमेरिकन लोक गोळीची ऊर्जा फूट-पौंडांत मोजतात. एक पौंड वजन एक फूट उचलायला लागते ती ऊर्जा म्हणजे एक फूट-पौंड. या मापाने .४४ मॅग्नमची ऊर्जा ९७० च्या आसपास भरते. पोलिसांच्या जुन्या .३८ स्पेशलची जेमतेम २००. उलट हरणाच्या शिकारीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या .३०-०६ रायफलची बरोबर एक तोळ्याची गोळी २९०० च्या घरात जाते. म्हणजे आपले हे ‘ब्रह्मास्त्र’ रिव्हॉल्व्हरांत राजा असले तरी रायफलींच्या पंगतीत त्याचे पान शेवटी मांडावे लागेल.

हरणासाठी निदान १००० फूट-पौंड हवेत असा एक ठोकताळा तिकडे चालत आला आहे. त्याप्रमाणे .४४ मॅग्नम थोडक्यात नापास होते. पण या ठोकताळ्यावर माझा विश्वास बसत नाही, कारण धनुष्यबाणाने शिकार करणारेही तिथे पुष्कळ आहेत. आधुनिक धनुष्यातून सुटलेल्या बाणाची ऊर्जा साठ-सत्तर फूट-पौंडांपलीकडे क्वचितच जाते, आणि तरीही फुप्फुसातून आरपार गेलेल्या बाणाने हरिण थोड्याच अंतरावर कोसळते. मग मरण कशाने येते? रायफलची अतिवेगवान गोळी शरीरात शिरताना भोवतालचे मांसही फाडत जाते. रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग तेवढा नसतो. तिचे काम मुख्यतः तिने पाडलेल्या भोकाने होते. ते भोक रुंद हवे, खोल हवे आणि हृदय-फुप्फुसांतून जाणारे हवे. कीथने गोळीचे तोंड चपटे ठेवले ते यासाठीच. टोकदार गोळी मांस बाजूला सारत जाते, चपटी ते कापत जाते. तोंडाशी पोकळी असलेली गोळी आत शिरून फुलते, ती अंगाने बारीक हरणाला चांगली. पण जाड हाडाच्या, भारी अंगाच्या जनावरात ती अर्ध्यातच अडकण्याची भीती, तिथे जड आणि कठीण गोळीच हवी. एवढे पथ्य पाळले तर जवळच्या हरणाला हे काडतूस पुरेसे आहे, यात शंका नको.

पण खरी अडचण काडतुसात नाहीच. ती हातात आहे. रायफलला खांद्याचा, गालाचा, दोन्ही हातांचा आधार असतो. रिव्हॉल्व्हर पुढे धरलेल्या हातांच्या टोकाशी हेलकावत असते. त्याच्या नळीवरची पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर असते उणेपुरे वीस सेंटीमीटर. या दोहोंची जुळणी एका मिलिमीटरने चुकली, तर पन्नास यार्डांवर गोळी सुमारे तेवीस सेंटीमीटर बाजूला जाते. हरणाची हृदय-फुप्फुसांची जागा साधारण जेवणाच्या ताटलीएवढी. म्हणजे डोळ्याला धड जाणवणारही नाही अशा चुकीने गोळी पोटात किंवा पायात! हल्ली रिव्हॉल्व्हरवर दुर्बीण बसवतात, त्याने जुळणीची चूक टळते. हाताचे कापणे टळत नाही. शिवाय गोळी खाली येते ते वेगळेच. पन्नास यार्डांवर नेम बरोबर बसवलेले रिव्हॉल्व्हर शंभर यार्डांवर सुमारे पंधरा सेंटीमीटर खाली मारते, दीडशेवर अर्धा मीटर.

यात उलट्या धक्क्याची भर. सव्वा किलोचे ते धूड मुठीत असे उसळते, की चार गोळ्यांनंतर हात पुढच्या धक्क्याची धास्ती घेऊ लागतो. चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात आणि नळी खाली झुकते. नेमबाजी शिकवणारे यावर एक गमतीची युक्ती करतात. शिकाऊ माणसाच्या नकळत मधल्या एक-दोन घरांत रिकामी काडतुसे घालतात. घोडा नुसताच ‘टक्’ करतो, धक्का नाही, आवाज नाही. आणि तरी रिव्हॉल्व्हर खाली आपटल्यासारखे हलते. आपली धास्ती माणसाला आपल्याच डोळ्यांनी दिसते.

हेच काडतूस छोट्या कार्बाइनमधून उडवले तर काय होते? लांब नळीमुळे वेग सेकंदाला १७५० फुटांवर जातो, ऊर्जा १६०० च्या पुढे, आणि खांद्याचा आधार मिळतो तो निराळाच. काडतूस तेच, नि शिकार कितीतरी सोपी.

कीथची एक गोष्ट याबाबत नेहमी सांगितली जाते. त्याने .४४ मॅग्नमने सहाशे यार्डांवरचे हरिण टिपले, असे त्याने स्वतः लिहिले. त्यावर लोकांनी त्याला खोटारडा म्हटले, तर कित्येकांनी तोच धडा गिरवायला घेतला. दोघांनीही गोष्ट अर्धीच वाचली. ते हरिण सोबतीच्या रायफलने आधीच जखमी झाले होते आणि निसटून चालले होते. निसटले असते तर कुठेतरी कुढत मेले असते, म्हणून कीथने गोळ्या झाडल्या, आणि पहिलीच काही लागली नाही. धडधाकट हरणावर एवढ्या लांबून गोळी झाडणे ही गोष्टच निराळी.

जखमी जनावर म्हणजे काय, हे आपल्याला अमेरिकेने सांगायला नको. १९०७ साली जिम कॉर्बेटने कुमाऊँत चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. ४३६ माणसांचे बळी तिच्या नावावर होते. मेल्यावर तिचे तोंड पाहिले, तर उजवीकडचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. जुन्या गोळीची ती जखम. त्यामुळेच तिला नेहमीचे भक्ष्य मारता येईना, असे कॉर्बेटने नमूद केले आहे. गोळी झाडणारा कोण होता कोणास ठाऊक. त्याच्या लेखी तो एक हुकलेला बार होता. हरिण माणसावर उलटत नाही म्हणून त्याच्या जखमेचा बोभाटा होत नाही, एवढेच.

कीथनंतर याहून जबर काडतुसे निघाली. .४५४ कॅसल १९८३ पासून बाजारात आले, .५०० स्मिथ अँड वेसन २००३ साली. ऊर्जा वाढली, तसा धक्काही वाढला, म्हणजे मूळ अडचण होती तिथेच राहिली. तिकडचे जाणते शिकारी म्हणून काडतुसाऐवजी माणसाची परीक्षा घेतात, तीही पाच पैशांच्या कागदी ताटलीवर. ताटली झाडाला टाचायची आणि टेबलाचा आधार न घेता, रानात बसावे तसे बसून किंवा उभे राहून सहा बार काढायचे. सहाही गोळ्या ताटलीत गेल्या तर थोडे मागे सरकून पुन्हा सहा. जिथून एक जरी गोळी बाहेर गेली, त्याच्या अलीकडचे अंतर ही त्या माणसाची हद्द. पुष्कळांची ती पन्नास यार्डांच्याही आतच संपते.